साबणवाल्यांचा दुसरा भाग

खोटं मी फारसं बोलत नाही. चारचौघी बोलतात तेवढंच, म्हणजे "भाजी छान झालीय" आणि "आम्ही निघालोच होतो" एवढ्यापुरतं. पण नव्वदच्या दशकात एका सप्टेंबर महिन्यात, मिशिगनमधल्या ट्रॉय गावी, मी सलग नऊ दुपारी एका म्हाताऱ्या बाईशी धडधडीत खोटं बोलले. शिवाय रोज ते बोलायच्या आधी हात जोडून, डोळे मिटून, खोटं बोलणार नाही असं शीलही घेत होते. हे सगळं एका अरबी कादंबरीपायी झालं.

आम्ही तेव्हा दुमजली अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर राहत होतो. नवरा एका मोटार कंपनीच्या डिझाइन विभागात होता. मला काम करायची परवानगी नव्हती, त्यामुळे दिवसभर मी आणि कार्पेट. वरच्या मजल्यावर नागपूरचंच एक जोडपं राहायचं, दोघंही नोकरी करणारे. त्या मे महिन्यात वरच्या मुलीची आई सहा महिन्यांसाठी आली. त्या मावशी उत्तर नागपूरच्या आणि माझं माहेर तिथून चार गल्ल्या पलीकडे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या वडिलांचं नाव, आमचा विहार आणि आमच्या घरासमोरचं कडुनिंबाचं झाड अशी सगळी चौकशी केली आणि म्हणाल्या, "मंग तू आपलीच होय ना व." तिथून पुढे त्यांची दुपार माझ्या ताब्यात आली.

आषाढ पौर्णिमेला मावशींनी फर्मान काढलं. वर्षावास सुरू झाला, आता ग्रंथवाचन झालं पाहिजे. आमच्याकडे पावसाळ्याचे ते तीन महिने विहारात रोज ग्रंथ वाचतात. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि अश्विन पौर्णिमेला खीर करून सांगता करायची. मावशींचे यजमान, काका, वीस वर्षं त्यांच्या विहारात वाचत असत. मावशी कायम ऐकणाऱ्या. ग्रंथ त्यांनी नागपुराहून पातळात गुंडाळून बरोबर आणला होता, पण वाचणारं कोणी आणता आलं नव्हतं. मग वाचणारी मी.

रोज दीड वाजता मी वर जायची. टीव्हीवर बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्यापुढे प्लॅस्टिकच्या पेल्यात एक फूल. पहिल्या दिवशी अगरबत्ती लावली तर छतावरचा धुराचा अलार्म असा बोंबलला की शेजारचे लोक पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिले. तेव्हापासून फुलावर भागवायचं ठरलं. त्रिशरण आणि पंचशील म्हणायचं आणि मग वाचायला बसायचं. नागपूरला वाचन रेंगाळत चालतं, मध्येच कोणी प्रश्न विचारतं, पोरं रडतात, चहा येतो. इथे आम्ही दोघीच, आणि दोघींनाही दुसरं काम नाही. ऑगस्टच्या मध्यालाच ग्रंथ संपला.

"आता पौर्णिमेपर्यंत काय करायचं?" मी विचारलं.

"दुसरं काही वाच. वाचन मोडायचं नाही. बसलो म्हणजे पौर्णिमेलेच उठायचं," मावशी म्हणाल्या.

माझ्याकडे दोन जुने दिवाळी अंक होते आणि एक पाककृतींचं पुस्तक. दिवाळी अंक आठवड्यात संपले. पाककृतींचं पुस्तक मावशींनी उलटंपालटं करून परत दिलं, कारण त्यात वांगं चार ओळींत उरकलं होतं.

आता त्यांचं दुखणं काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. मावशींना दोन मुलं. लेक आमच्या वर आणि थोरला मुलगा ओहायोत, दीड तासाच्या ड्राइव्हवर. तीन वर्षांपूर्वी नागपूरला काका गेले तेव्हा या मुलाच्या ग्रीन कार्डाचे कागद शेवटच्या टप्प्यावर होते. आत्ता देशाबाहेर पाऊल टाकलंस तर अर्ज रद्द, असं वकिलानं त्याला बजावलं. तो गेला नाही. चितेला पुतण्यानं अग्नी दिला. नंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीलाही तो नव्हता. लेकीचे कागद आधीच झाले होते, ती जाऊन आली. त्या दिवसापासून मावशी मुलाशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. अमेरिकेला येताना त्यांनी लेकीला एकच अट घातली होती, "त्याले माह्यासमोर आणायचं नाही."

दर रविवारी त्याचा फोन यायचा. फोन वाजला की मावशी उठून बाथरूममध्ये जायच्या आणि नळ सोडून ठेवायच्या. शनिवारी तो गाडी घेऊन यायचा, पार्किंगमध्येच बहिणीच्या हातात भेंडी, कोथिंबीर, पोह्यांची पिशवी द्यायचा आणि तसाच परत जायचा. भेंडी कुठून आली ते मावशींना पक्कं ठाऊक असायचं. भेंडी त्या खायच्या, पण चव कशी आहे ते कधी बोलायच्या नाहीत.

मला त्यांचा राग यायचा, हे सांगितलंच पाहिजे. आमचेही कागद तेव्हा त्याच ढिगात पडले होते. नागपूरला माझ्या वडिलांना हृदयाचा त्रास होता. अवेळी फोन वाजला की मी धावत जाऊन उचलायची, आणि तिकडे काही झालंच तर मी जाऊ शकणार नव्हते. मग माझी आईही माझ्या फोनला नळ सोडून ठेवील का? एकदा मी मावशींना म्हटलंही, "अहो, त्याचा काय दोष? नियमच तसा होता." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तू वाच." नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्या परत जायच्या होत्या. पुन्हा एवढा प्रवास होणार नाही, असं त्या स्वतःच म्हणायच्या. म्हणजे मुलाशी बोलायचं असेल तर त्याआधीच, नाहीतर राहिलंच.

आमच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुवायच्या मशिनी होत्या. तिथे दर मंगळवारी लेबनॉनची एक बाई भेटायची. आम्ही चादरीची टोकं धरून एकमेकींना घड्या घालायला मदत करायचो, ओळख तेवढीच. तिला मी माझी अडचण सांगितली, वाचायला पुस्तक नाही आणि वाचन थांबवायचं नाही. तिला हे मुळीच विचित्र वाटलं नाही. ती म्हणाली की त्यांच्या अरबी भाषेत एक कादंबरी आहे, तीन जाड भाग, आजोबा, मुलगा, नात असं एका घराण्याचं सगळं त्यात आहे. इंग्रजीत आलेली आहे, लायब्ररीत मिळेल. "आमचं घर कसं असतं ते तुला कळेल," असं म्हणून तिनं माझ्या हातात उशीचा अभ्रा दिला.

लायब्ररीत पहिला आणि तिसरा भाग मिळाला. दुसरा जागेवर नव्हता. येईल, असं समजून मी दोन्ही घरी आणले आणि शाळेतल्या सवयीनं किराण्याच्या खाकी पिशव्या कापून दोघांना सारखी कव्हरं घातली. पुस्तक उघडं ठेवलेलं माझ्या बाबांना चालत नसे.

ती कादंबरी साबण करणाऱ्या एका घराण्याची होती. डोंगराच्या पायथ्याचं जुनं गाव, दगडी घर, खाली साबणाचा कारखाना आणि वर माणसं. जैतुनाचं, म्हणजे ऑलिव्हचं, तेल मोठ्या कढईत दिवसेंदिवस उकळायचं, जमिनीवर ओतायचं, वड्या पाडायच्या आणि त्या वड्यांचे माणसाच्या उंचीचे पोकळ मनोरे रचून वाळत ठेवायचे. मी इंग्रजीत बघत बघत मराठीत सांगायची. मावशींना साबणाचं प्रकरण फार आवडलं. कॉस्टिक सोडा किती घालतात, अशी त्यांची शंका होती. पुस्तकात ते दिलेलं नव्हतं.

खरी पंचाईत नात्यांची झाली. इंग्रजीत सगळेच अंकल. मी वाचलं की मावशी हात वर करायच्या, "काका का मामा?" मला कुठलं माहीत! मंगळवारी तळघरात जाऊन विचारायची. ती बाई हसून म्हणाली, "आमच्यातही दोघांना वेगळे शब्द आहेत गं, इंग्रजीनंच घोळ केलाय." एकदा मात्र मी विचारायच्या आधीच ठोकून दिलं. आजोबांच्या मुलाचं लग्न कझिनशी ठरतं, तर मी म्हटलं मामाच्या मुलीशी. मावशींना पसंत पडलं, मामाची पोर म्हणजे हक्काची. मोठं चार दिवसांचं लग्न झालं. आणि पन्नास पानांनी कळलं की ती मुलगी काकाची. मावशी ताडकन उठून बसल्या. "चुलत बहीण? अन् आपण चार दिवस लग्नात बसलो व!" त्या दिवशी पुढचं वाचन झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच तोडगा काढला, त्यांच्याकडे चालत असेल, आपण कोण बोलणारे. मी सुटले.

आता पहिल्या भागाचा शेवट. मी पुढचं वाचून ठेवत नसे, ही माझी चूक. तो मुलगा बायकोला घेऊन बोटीनं ब्राझीलला जातो. तिकडे दुकान टाकतो. इकडे साबणवाले आजोबा आजारी पडतात, तार जाते, तो येत नाही. आजोबा जातात, तो तरीही येत नाही. त्याची आई स्वतःच्या हातानं दाराला अडसर लावते आणि म्हणते की या दारातून तो आता आत येणार नाही. तिथे पहिला भाग संपतो.

मावशींच्या पुढ्यात मी त्यांचंच घर मांडून ठेवलं होतं. त्या खिडकीकडे बघत बसल्या होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "मंग? तो आला का?"

"दुसऱ्या भागात आहे," मी म्हटलं.

"मंग उद्या दुसरा भाग आण."

लायब्ररीत गेले तर दुसरा भाग हरवलेला. दुसऱ्या गावच्या लायब्ररीतून मागवते, तीनेक आठवडे लागतील, असं तिथली बाई म्हणाली. तळघरातली बाई बहिणीच्या बाळंतपणाला कॅनडात गेलेली, तिलाही विचारता येईना. घरी येऊन मी तिसरा भाग चाळला. त्यात पस्तीस वर्षं उलटून गेली होती, म्हातारी वारलेली होती आणि ब्राझीलमध्ये जन्मलेली तिची नात त्या दगडी घरात राहत होती. नात घरात आहे म्हणजे कधीतरी दार उघडलं असणार, असा मी हिशेब केला. तेवढ्याच आधारावर मी दुसऱ्या दिवशी तिसरा भाग मांडीवर घेतला आणि मावशींना म्हटलं, "मिळाला दुसरा." खाकी कव्हर दोघांना सारखंच होतं.

का केलं असं? वाचन मोडायचं नाही म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला ते दार उघडायला हवं होतं. त्या पार्किंगमध्ये भेंडीची पिशवी घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसासाठी हवं होतं, आणि त्याच्यापेक्षा जास्त माझ्यासाठी हवं होतं.

पंचशील म्हटलं. चौथं शील म्हणजे मुसावादा वेरमणी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन. ते म्हणताना मी एक डोळा किलकिला करून बुद्धाकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेलेच होते. मग मी तिसऱ्या भागाचं कुठलंही पान उघडून मनानं सांगायला लागले. ब्राझीलचं दुकान, त्याचं एकटेपण, आईला लिहिलेली आणि न टाकलेली पत्रं, बोटीचा प्रवास. मधूनमधून पान उलटायची. रेटून बोलायला लागलं की सुचत जातं, हे मला तेव्हा कळलं. चौथ्या दुपारी मी त्याला दाराशी आणून उभं केलं.

म्हातारी आत जैतुनाची फळं निवडत बसलेली असते. दार वाजतं. ती विचारते, "कोण?" तो म्हणतो, "मी." म्हातारी उठते, अडसर काढते. त्याच्याकडे बघत राहते. दोन्ही हात त्याच्या तोंडावरून उतरवते आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडते. आणि विचारते, "जेवलास का?"

मी थांबले. मावशींनी डोळ्यांना पदर लावला होता. "बस, आज इथंच राहू दे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शीलं झाल्याबरोबर म्हणाल्या, "कालचंच पान परत वाच."

माझ्या पाचावर धारण बसली. कालचं पान होतंच कुठे! मी तिसरा भाग उघडला आणि आठवेल तसं पुन्हा सांगितलं. दार, कोण, मी, अडसर, बोटं, जेवलास का. मावशींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "हं," एवढंच म्हणाल्या. पुढच्या दोन-तीन दुपारी मी त्या माणसाला घरात रुळवलं, कारखान्यात कामाला लावलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी मावशींची लेक कामावरून परतली ती थेट माझ्या दाराशी. पर्स अजून खांद्याला. "अगं, आईनं स्वतःहून सांगितलं, त्याले फोन लाव! आय कुडन्ट बिलीव्ह इट यार! मी लावला. ती काय बोलली माहितीये? हॅलो नाही, कसा आहेस नाही. डायरेक्ट विचारलं, जेवला का? आणि तो रडायला लागला, फोनवर. थर्टी-एट इयर्सचा माणूस!" ती स्वतःही रडत होती. मी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि मग स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मीही रडून घेतलं. माझा जीव अक्षरशः भांड्यात पडला होता.

शनिवारी तो आला. मी खिडकीतून बघत होते, नाही म्हणत नाही. गाडी लावून तो कितीतरी वेळ आतच बसून राहिला. मग हातात भेंडीची पिशवी घेऊन, नेहमीच्या सवयीनं, जिना चढला. वर काय झालं ते मला माहीत नाही. तासाभरानं मला जेवायला बोलावणं आलं. भेंडीची भाजी होती. मावशी म्हणाल्या, "चांगली कोवळी आहे." त्यांनी ते मुलाकडे बघून म्हटलं होतं.

त्यानंतर चारच दिवसांनी लायब्ररीचा फोन आला, दुसरा भाग आला आहे.

मी एका रात्रीत जागून तो वाचून काढला. खऱ्या पुस्तकात मुलगा येतो. तीन दिवस रोज येऊन दार वाजवतो. म्हातारी आतून दाराला पाठ लावून बसते, त्याचं बोलणं सगळं ऐकते आणि अडसर काढत नाही. चौथ्या दिवशी तो येत नाही. त्याच हिवाळ्यात ती जाते. नात त्या घरात आली ती पुढे कितीतरी वर्षांनी, आपली आपण, कुलूप तोडून.

म्हणजे मी एका बाईला तिच्या मुलाकडे खोट्या पुस्तकानं पाठवलं होतं. हे कळलं तर? मावशी मानी. फसवून केलेला समेट त्या ठेवतील की मोडून टाकतील, याचा मला काही भरवसा वाटेना. त्या हट्टानं नळ सोडून ठेवणाऱ्या बाई होत्या. मी पुस्तक लगेच परत करायला हवं होतं, पण तिसऱ्या भागात मागचा काही संदर्भ आला आणि मावशींनी विचारलं तर बघायला ते हाताशी हवं होतं, कारण आता मला खोटं सुचेनासं झालं होतं. मनानं रचलेला दुसरा भाग मी नवव्या दिवशीच संपवून टाकला होता आणि तिसरा खरा वाचायला घेतला होता. त्यात म्हातारीचा उल्लेख येई तिथे मी पान गाळत होते. दुसरा भाग मी स्वयंपाकघरात सर्वांत मोठ्या पातेल्यात ठेवला, वर झाकण घातलं आणि पातेलं वरच्या फळीवर सरकवलं. आमच्याकडे ते पातेलं वर्षातून एकदा निघायचं.

ते एकदा म्हणजे कधी, हे माझ्या लक्षातच आलं नाही. अश्विन पौर्णिमेला सकाळी मी आंघोळीला गेले होते. बाहेर नवऱ्याचा आवाज आला, "मावशी आल्यात, खिरीला मोठं पातेलं हवंय म्हणतात, देतो गं!" मी ओल्या केसांनी बाहेर धावले तेव्हा फळी रिकामी होती. नवरा म्हणाला, "काढून दिलं. जड होतं बरं का."

दीड वाजता मी वर गेले. खिरीचा वास जिन्यापर्यंत येत होता. लेकीनं अर्धी रजा घेतली होती, पण ती दुकानात गेली होती. संध्याकाळी मुलगा, सून, नातवंडं येणार होती. मावशी एकट्याच बसल्या होत्या, आणि बुद्धाच्या मूर्तीशेजारी, टीव्हीवर, तो दुसरा भाग उभा करून ठेवलेला. लायब्ररीच्या प्लॅस्टिकच्या कव्हरावर, पाठीवर, ठळक दोनचा आकडा होता.

"मले इंग्रजी येत नाही. आकडे येतात," मावशी म्हणाल्या.

मी त्यांच्यासमोर खाली बसले. सगळं सांगून टाकलं. हरवलेला भाग, खाकी कव्हरं, नात घरात होती म्हणून केलेला हिशेब, सगळं. माफी मागितली. रडलेसुद्धा. मावशी शांतपणे ऐकत होत्या, आयुष्यभर ऐकत आल्या होत्या तशा.

"मले तर तो दाराशी आला तवाच समजलं होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"अवं, ती माय बोटं मोडून राह्यली होती! उत्तर नागपूरची बाई अरबाच्या घरात कुठून आली? तरी म्हटलं, मोडत असतील त्यांच्याकडे. म्हणून दुसऱ्या दिवशी तेच पान परत वाच म्हटलं. त तिच्या हातात आधी जैतून होते, दुसऱ्या दिवशी साबणाच्या वड्या आल्या."

मला आठवलं, खरंच आल्या होत्या. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काऊन बोलू? चांगलं चाललं होतं." त्यांनी गुडघ्यावरचं पातळ सारखं केलं. "तीन वर्षं सारे मले सांगून राह्यले होते, नियम होता, कागद होते, समजून घे. मी काय शाळेत आहे समजून घ्यायले? समजत होतं मले. पण बोलायचं काय, ते कोणी सांगितलंच नाही. एवढ्या वर्षांनी पहिला शब्द कोणता काढायचा व? तू सांगितला. जेवला का म्हण. बस, तेवढंच पाहिजे होतं मले."

मी नाक पुसलं.

"आता खरं वाच," मावशी म्हणाल्या.

"नको ना मावशी."

"वाच म्हटलं ना. पौर्णिमा आहे."

मी वाचलं. दाराचं ते प्रकरण एकही शब्द न गाळता, न बदलता वाचलं. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस. दाराबाहेरचं त्याचं बोलणं. दाराला पाठ लावून बसलेली म्हातारी. चौथ्या दिवशीची शांतता. मी पुस्तक मिटलं तेव्हा मावशी समोरच्या बंद दाराकडे बघत होत्या.

"बिचारी," त्या हळूच म्हणाल्या. "तिले कोणी वाचून दाखवणारं नव्हतं."

मग त्या एकदम सावरून बसल्या. "चाल, हात जोड. नऊ दिवस खोटं बोलली तू. शील पुन्हा घे."

"आत्ता?"

"मंग कवा?"

मी हात जोडले. मावशी एकेक शील सांगत होत्या, मी मागून म्हणत होते. पहिलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि मी ते खणखणीत म्हटलं. तेवढ्यात खाली पार्किंगमध्ये गाडीचं दार वाजलं. संध्याकाळी यायचा तो मुलगा दुपारीच आला होता. जिन्यावर पावलं ऐकू आली.

वाचन मोडायचं नाही म्हणून तीन महिने मला रोज दीड वाजता बसवणाऱ्या त्या बाई, एक हात गुडघ्यावर देऊन उठल्या आणि दाराकडे निघाल्या.

"मावशी, पाचवं राहिलं!" मी म्हटलं.

"राहू दे," त्या चालता चालता म्हणाल्या. "तू कुठं दारू पितेस?" आणि त्यानं बेल वाजवायच्या आधीच त्यांनी दार उघडलं.